टॉवरआत्याची पकड

मोबाइलच्या टॉवरांना बोलता यायचं, तेव्हाची गोष्ट. एसटीतून निघालेली शेवंता घरी रडणाऱ्या तान्ह्या लेकीला फोनवर अंगाई म्हणत होती. टेकडीवरच्या टॉवरआत्यानं तो आवाज घट्ट धरला होता. गाडी घाटात लांब गेली, तशी अंगाई तुटू लागली. लेकीनं भोकाड पसरलं.

“सोड की गं!” घाटापलीकडची टॉवरमावशी ओरडली. “बारशाला बाळ पाळण्याखालून देताना अशीच धरून बसतेस का?”

“आणि पडलं म्हणजे?”

“आधी मी धरते, मग तू सोड. हं, धरलं!”

आत्यानं जीव मुठीत धरून हात सैल केले. अंगाई न तुटता मावशीकडे गेली. घरी लेक खुदकन हसली.

“बघ, पुढची एसटी आली,” मावशी म्हणाली.

“दिसली मला. तूच हात तयार ठेव!”