देवाच्या पाटीतली रताळी

लिंबाजीनं रताळं मोडलं, तर आत भुंग्याची अळी वळवळत होती. त्यानं ते म्हशीपुढं टाकलं. म्हशीनंही तोंड फिरवलं, कारण किडकं रताळं कडूजहर होतं. सगळं रान असंच गेलं होतं.

भुंगा येत होता बांधापलीकडनं. सरपंच हंबीरराव चांगली रताळी काढून विकायचा आणि किडकी वेलांसकट रानातच सोडायचा. ती जाळल्याबिगर लिंबाजीचं पुढचं पीकही हाती लागणार नव्हतं.

देवळातल्या बैठकीत म्हातारा लिंबाजी तसं हंबीररावाच्या तोंडावर बोलला. हंबीररावानं मिशीला पीळ दिला. "लिंबाजी, माझ्या रानात एक भुंगा दाखव. तुझ्या आळसाचं खापर माझ्यावर कशाला?"

माना डोलवणारे डोलले.

"खरं असंल," लिंबाजी म्हणाला. "शिवरात्रीला देवाला रताळ्याची पाटी वाहायचा मान तुमचा. मग यंदा पाटी तुमच्याच रानातली आणा. हितंच उकडू, पयलं रताळं तुम्ही खावा."

हंबीरराव चपापला. "देवासाठी मी बाजारातनं मागवलीत."

"का वं? रान तर तुमचं सोन्यासारखं! देवाला बाजारचं, आन् आमच्या रानात तेवढा घरचा भुंगा धाडता व्हय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं, मग अख्खं देऊळ हसलं.

त्याच संध्याकाळी हंबीररावानं आपल्या रानातल्या किडक्या रताळ्यांचा नि वेलांचा ढीग पेटवला. लिंबाजीनं आपली किडकी रताळी पाट्या भरभरून त्याच जाळात ओतली.

"जिंकलास की, लिंबाजी तात्या!" बांधावरनं कुणीतरी ओरडलं.

"जिंकलो, तर मग शिवरात्रीला खाऊ काय? तुझं टाळकं?" म्हातारा खेकसला, आणि रिकामी पाटी घेऊन घराकडं निघाला.