झापडं सगळ्यांत शेवटी

“बाजूला हो हौसा, तिसऱ्यांदा सांगतोय!”

“तीनदा सांगा नाहीतर तेरा वेळा. घोडी इथून हलायची नाही.”

वाघजाळीच्या जुन्या जहागिरीत दगडी पागेपुढचं मैदान आज पाहुण्यांना दाखवतात, तिथंच हे भांडण पेटलं होतं, असं सांगतात. दसऱ्याची बग्ग्यांची शर्यत नुकतीच संपली होती. पहिले आलेले रंगराव जहागीरदार बग्गीत ताठ बसले होते, आणि घोडीपुढं आडवी उभी होती हौसाबाई. कोचवानाची विधवा. नवऱ्यामागं पागा तीच सांभाळायची.

रंगरावांनी बग्गी हाकली असं आपलं म्हणायचं. तलावाला दोन वेढे, आणि त्यातलं वळण न् वळण पाखरी घोडीला पाठ. हौसाबाईच्या नवऱ्यानं तीन वर्षं तिला त्या वाटेनं फिरवली होती. सरकारांना काम उरलं चाबूक ओढायचं, ते मात्र त्यांनी अगदी मन लावून केलं. आता पाखरीच्या तोंडाला फेस आला होता, कुशी भात्यासारख्या हलत होत्या. आणि सरकारांना तिच्यामागं बसून तसंच गावातून मिरवायचं होतं! अशी जुंपलेली वेशीपर्यंत नेली तर घोडी मरेल, हे पागेतल्या माशीलाही कळत होतं म्हणे.

“घोडी माझी आहे!” रंगराव गरजले.

“तुमची ना? मग तुमच्या हातानं बग्गीपासून सोडून दाखवा. नीट सुटली तर मी बाजूला होते.”

आसपासचे सरदार बघत होते. रंगराव अंगठ्या सावरत उतरले आणि त्यांनी आधी काढलं काय, तर घोडीच्या डोळ्यांवरची झापडं! पट्टे तसेच, बग्गी मागं जुंपलेलीच. घोड्याला एकदा तरी हात लावलेला माणूस आधी बग्गी सोडवतो. पाखरीनं मान वळवली, पाठीशी लागलेलं ते धूड जन्मात पहिल्यांदा पाहिलं आणि ती उधळली. सरकार धुळीत, फेटा चाकाखाली. हौसाबाईनं धावत जाऊन तिच्या डोळ्यांवर पदर टाकला, “हो गं माझे बाय” म्हणत तिला थोपवलं आणि एकेक पट्टा सोडला. घोडी वाचली.

आजही तिथं पहिल्या आलेल्याला लगेच फेटा बांधत नाहीत. आधी त्यानं स्वतः घोडा सोडायचा, झापडं सगळ्यांत शेवटी, मग अंग पुसायचं. चुकला की मान दुसऱ्याला. दरवर्षी एखादा तालेवार तिथं तोंडघशी पडतो, आणि पडावाच.

त्या दिवशी मात्र रंगराव धूळ झटकत पुन्हा म्हणालेच, “काही झालं तरी पहिला मीच आलो ना?”

हौसाबाई घोडीचा घाम पुसत होती. मानही न वळवता ती म्हणाली,

“पहिली पाखरी आली, सरकार, तुम्ही तिच्या मागनं आलात.”