कढीने विचारलेला प्रश्न

भांडी बोलत होती त्या काळी, रखमाक्काच्या स्वयंपाकघरात ताकाला भारी माज चढला होता. अक्काचं पोट कुरकुरायचं, म्हणून ती रोज जेवताना ताक प्यायची.

एके दिवशी चुलीवरून कढी उतरली. ताक तिला म्हणालं, "बाई, माझ्यात कोट्यवधी जीव नांदतात. तुझे तर उकळीतच मेले! हळद घातलेलं पाणी तू, अक्काच्या पोटाला तुझा काय उपयोग?"

"पोटालाच विचारू या," कढी हसून म्हणाली.

जेवणात दोघंही पोटात उतरली. ताकातले जीव थाटात शिरले आणि आधी राहायला जागा मागू लागले. आतडं म्हणालं, "या, पण इथले जुने रहिवासी सरकत नाहीत. जमेल तितकं राहा." कढीतल्या जीवांनी जगताना केलेला आंबटपणा आणि त्यांच्या देहांचे तुकडे तेवढे आले. आतड्याने तेही गुपचूप कामाला लावले.

"मेलेल्यांचाही उपयोग होतो?" ताकाने विचारलं.

"त्यांनी जगताना करून ठेवलंय ना!" आतडं म्हणालं.

दुसऱ्या दिवशी मडक्यात उरलेलं ताक फार आंबलं. अक्काने त्यात बेसन कालवलं आणि ते चुलीवर चढवलं.

"अगं, मी जिवंत आहे!" ताक ओरडलं.

वाटीत उरलेली कढी म्हणाली, "घाबरू नकोस, परवा मीही ताकच होते. उकळी यायला अजून अवकाश आहे. तोवर आठवून बघ, नुसतंच मिरवलंस, की काही करूनही ठेवलंस?"