ओल्या अंगणातली टाच

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या शिष्याने तीन दिवस राबून घरापुढे नवं अंगण घातलं. माती खणली, भिजवली, चोपण्याने चोपून आरशासारखी केली. वाळेपर्यंत त्यावर कुणी पाऊल टाकायचं नाही, अशी ताकीद त्याने इतक्यांदा दिली होती की घरातली मांजरसुद्धा कडेकडेने चालू लागली होती.

चौथ्या दिवशी सकाळी एक बाई आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला, कुमुदला, घेऊन आली. वैद्य आत काढा गाळत होते. शिष्याची सात वर्षं शिकून झालेली. त्याने ओटीवरच तपासायला घेतलं.

"पोरगी वाकडी उभी राहते हो," आई म्हणाली. "एक खांदा वर, एक खाली. सांगून सांगून जीभ दमली माझी. शेवटी वर्ष झालं, रोज दिवेलागणीला माजघरातल्या खांबाला पाठ टेकवून बांधते तिला. तासभर. मला काय हौस आहे? पण उद्या लोक नावं ठेवतील."

बांधायची ती जुन्या लुगड्याची पट्टी बाईच्या पिशवीतून डोकावत होती. वाटेत मुक्काम पडला तरी खंड नको म्हणून बरोबर आणलेली.

शिष्याने गवंड्याकडून मागून आणलेला ओळंबा काढला. या युक्तीचा त्याला फार अभिमान होता. "बाळ, सरळ उभी राहा," तो म्हणाला. "आणखी सरळ. हां, अशी!" मानेच्या मणक्याशी त्याने दोरी धरली. खालचा गोळा जरा झुलला आणि स्थिरावला. दोरी पाठीच्या अगदी मधोमध उतरली होती.

"बघा! पाठीत काही दोष नाही. मनात आणलं की राहते की सरळ. नुसती सवय आहे. तुमचं बांधणं चालू ठेवा."

"मी तरी दुसरं काय सांगत होते?" आई मुलीकडे वळून म्हणाली. कुमुद जमिनीकडे बघत राहिली.

तेवढ्यात पंच्याला हात पुसत वैद्य बाहेर आले. त्यांनी काही विचारलं नाही. मुलीला क्षणभर न्याहाळलं आणि म्हणाले, "बाळ, अनवाणी जा आणि त्या अंगणाच्या मध्ये उभी राहा बघू."

शिष्य उडालाच. "गुरुजी! अहो, ओलं आहे ते!"

"म्हणून तर."

कुमुदने आधी शिष्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग वैद्यांच्या. मग ती उतरली. तिच्या प्रत्येक पावलागणिक शिष्य ओटीच्या कडेकडे सरकत होता. तीन दिवसांची मेहनत! पण ती मध्यावर जाऊन थांबली तेव्हा त्याचं लक्ष ठशांकडे गेलं आणि तो अंगण विसरला. उजवी पावलं जेमतेम उमटली होती. डावी टाचेशी बोटभर रुतलेली.

"बाई," वैद्य म्हणाले, "घरी तिला जे रोज सांगता, ते आता सांगा."

"इथे? सगळ्यांदेखत?" बाई संकोचली. मग तिने आवाज चढवला. "कुमे, सरळ उभी राहा!"

मुलीचा कणा ताठ झाला. खांदे एका पातळीत आले. आणि तिघांच्या डोळ्यांदेखत तिची डावी टाच चिखलात खाली गेली.

"पुन्हा सांगा."

"सरळ..." बाईची नजर टाचेवर होती. "सरळ उभी राहा."

टाच आणखी रुतली. तिच्याभोवती पाणी जमलं. उजव्या पायाची बोटं मातीवरून जवळपास उचलली गेली होती. कुणी मुलीला हातही लावला नव्हता.

शिष्याने हातातला ओळंबा खाली ठेवला. सकाळपासून हेच शब्द तो दोनदा बोलला होता.

"दुखतं का गं कुठे?" वैद्यांनी विचारलं.

"पोटरी," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "वर्ष झालं. कुणी विचारलं नव्हतं."

"आता ताठ राहू नकोस. ओणवी हो. हात खाली लोंबू देत. बाई, तुम्ही इकडे मागे या."

बाई मागे गेली आणि तिने तोंडाला पदर लावला. कुमुदच्या पाठीची उजवी बाजू चोळीआडून उंचवटा होऊन वर आली होती, कातडीखाली अर्धा नारळ पुरावा तशी. डावी बाजू सपाट. "अगं बाई! हे... हे कधी झालं?"

"तुम्ही तिला नेहमी उभीच पाहिलीत. वाढत्या वयात काहींचा कणा असा वळतो. यात तिचा अपराध नाही, तुमचाही नाही."

"पण गुरुजी," शिष्य कसाबसा म्हणाला, "ओळंबा तर मधोमध होता."

"ओळंबा खरंच बोलला. पण त्याला विचारण्याआधी तू तिला उत्तर पढवून ठेवलंस. पोर सगळा भार एका टाचेवर घेऊन आपल्याला हवी तशी दिसली, आणि आपण तिला निरोगी म्हणालो. दिसणं डोळ्यांना कळतं, रे. भार कुठे पडलाय ते मातीला विचारावं लागतं."

मग ते बाईला म्हणाले, "पट्टा लागेल, पण वैद्याने माप घेऊन केलेला. व्यायाम लागतील. शहरातल्या हाडांच्या जाणकाराला दाखवावं लागेल. अगदी सरळ होईल असं वचन मी देत नाही. आणखी वळू नये म्हणून झटू. दर महिन्याला तिला इथे आणा. तिला उभं राहवेल तशी उभी राहील."

बाईने पिशवीतली लुगड्याची पट्टी काढली, अंगणाच्या कडेला बसली आणि मुलीच्या पायांचा चिखल त्याच पट्टीने पुसू लागली. डावी टाच पुसताना तिचा हात बराच वेळ तिथेच राहिला.

दोघी गेल्यावर वैद्य म्हणाले, "चोप आता तुझं अंगण."

शिष्याने चोपणं उचललं, आणि खाली ठेवलं. ते ठसे तसेच वाळले.

आपल्यापुढे ताठ उभं राहणारं घरातलं माणूस कोणत्या टाचेवर उभं आहे, हे कळायला दरवेळी ओलं अंगण मिळत नाही. तेवढ्यासाठी निदान आधी विचारावं, आणि मग सांगावं.