दारावरची खरवडलेली शिळा

सोनखडीचं ख्रिस्ती मंदिर काळ्या दगडाचं आहे. माळावर एकटंच उभं असल्यामुळे ते लांबून दिसतं. जवळ गेलं की पाहुण्यांची नजर दारावरच्या आडव्या शिळेवर थबकते. बाकी सगळं बांधकाम घोटून गुळगुळीत केलेलं आणि ऐन दर्शनी शिळा मात्र देवीच्या वणांनी भरलेल्या चेहऱ्यासारखी. "ही बदलत का नाही?" असं पाहुणे हमखास विचारतात. ती बदलायची नसते, एवढं सांगून गावातला एखादा जाणता माणूस सावली बघून बसतो आणि सुरुवात करतो.

फार वर्षांपूर्वी हे मंदिर शांतवन आढाव नावाच्या पाथरवटाने बांधलं, असं सांगतात. तबीथाबाईचा तो एकुलता एक मुलगा. त्याच्या हाताखाली दगडसुद्धा शहाण्यासारखा वागायचा म्हणे. दारावरच्या शिळेवर त्याने देवाच्या प्रेमाचं वचन कोरलं आणि त्याच वर्षी गावात प्लेग शिरला. शांतवनची बायको आणि तान्ही मुलगी, दोघींनी अंथरूण धरलं. मंडळीने मंदिरात बसून प्रार्थना केल्या, उपास धरले. दोघी गेल्या. त्यांना माती देऊन आलेला शांतवन घरी गेलाच नाही. त्याने दाराला शिडी लावली आणि स्वतःच्या हाताने कोरलेलं वचन अक्षरन् अक्षर खरवडून काढलं.

त्यानंतर दर रविवारी तो मंदिराच्या दाराबाहेर दगड मांडून बसू लागला. आत प्रार्थना सुरू झाली की बाहेर हातोडा सुरू. घडवायचा काही नाही, नुसता फोडायचा. "देवाला माझं ऐकू आलं न्हाई, तुमचंबी येऊ देनार न्हाई," असं तो दारातून ओरडून सांगायचा. एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. आईने बाहेर आणून दिलेली भाकर तो मुकाट खायचा.

तबीथाबाईच्या जिवाची ओढाताण व्हायची. आत बसली तर लेक बाहेर, बाहेर बसली तर देव आत. शेवटी एका रविवारी ती भर मंडळीत उभी राहिली. पदर पसरून म्हणाली, "माझ्या शांतवनासाठी प्रार्थना करा."

त्या मंडळीची एक रीत होती. कुणी अशी विनंती केली की मंडळीतले वडील, म्हणजे तिचा कारभार पाहणारे ज्येष्ठ, मोठ्याने प्रार्थना करत आणि विनंती करणाऱ्याने सगळ्यांच्या आधी आमेन, म्हणजे 'तसंच होवो', म्हणायचं, मग बाकीच्यांनी. तेव्हा वडील होते यहोशवाबाबा. माणूस वाईट नव्हता, पण त्या हातोड्याने त्यांचंही डोकं उठलं होतं. वैऱ्यांवर प्रेम करा, असं पोरांना शिकवणाऱ्या त्याच तोंडाने ते म्हणाले, "हे प्रभू, हा तुझा वैरी झाला आहे. तुझ्यापुढे न वाकणारे याचे गुडघे मोड, म्हणजे तरी हा शरण येईल."

तबीथाबाईला हे मागायचं नव्हतं. पण सगळं मंदिर तिच्या तोंडाकडे बघत होतं. वडिलांना भर प्रार्थनेत अडवायचं कसं? ती पुटपुटली, "आमेन." मग सगळे म्हणाले.

बाहेरचा हातोडा थांबला. प्रार्थना पावली असं लोकांना वाटलं आणि त्यांनी आनंदाने भजन धरलं. तबीथाबाई तेवढी बाहेर धावली. शांतवन हत्यारं पोत्यात भरत होता. त्याने मान वर केली.

"आये, तूबी आमेन म्हनलीस?"

तो पोतं खांद्यावर टाकून घाटाकडच्या खाणीवर निघून गेला.

पावसाळा सरल्यावर त्याला बैलगाडीत घालून परत, थेट मंदिरापाशी आणलं. खाणीत शिळा घसरली होती आणि त्याचे दोन्ही गुडघे चेचले गेले होते; तो आता वाचण्यातला नव्हता. ते पाहून यहोशवाबाबांना आपलीच प्रार्थना आठवली म्हणे. खाणीत माणसं नेहमीच जायबंदी व्हायची, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पण त्या दिवशी ते कुणी बोललं नाही.

लोक त्याला उचलून मंदिरात न्यायला लागले, तेव्हा त्याने मान हलवली. "हितंच." तबीथाबाईने दाराबाहेर जमिनीवर बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. आता तरी त्याला देवाचं नाव घ्यायला सांग, असं यहोशवाबाबांनी कळवळून विनवलं. तिने ते सांगितलं नाही. तिने त्याला पाणी पाजलं, तोंडावरच्या माश्या हाकलल्या आणि मग सगळ्यांदेखत ती देवाशी बोलली. ते बोलणं गावाला अजून पाठ आहे.

"देवा, ह्यो तुझ्याशी भांडला. तू हाईस म्हून तर भांडला. ह्याला शरन आनू नको, ह्याला निजू दे. ह्याची बायको-लेक ह्याला दाव. आन् माझं त्ये आमेन मला परत दे."

शांतवनने देवाचं नाव घेतलं नाही. आईचा हात धरून होता, तसाच दुपारी गेला.

तबीथाबाईने नंतर मंदिराचा उंबरा ओलांडला नाही. दर रविवारी ती त्याच जागी मातीत बसायची. समजूत काढायला आलेल्यांना एवढंच म्हणायची, "देवाशी भांडनाऱ्यासाठी आत बसून मागू नये. त्याच्या शेजारी यून बसावं." एका रविवारी यहोशवाबाबा प्रार्थना अर्धी टाकून बाहेर आले आणि तिच्याजवळ मातीत बसले. त्यांच्यामागून एकेक करत सगळी मंडळी आली.

आजही सोनखडीत देवाला विरोध करणाऱ्यांसाठी प्रार्थना करायची वेळ आली की उपासना चालवणाऱ्या पाळकासकट सगळे बाहेर येतात आणि त्या जागी जमिनीवर बसतात. नाव कुणाचंच घेत नाहीत. त्या माणसाला झोप लागावी, अन्न गोड लागावं, त्याची गेलेली माणसं त्याला भेटावीत, एवढंच मागतात आणि गप्प उठतात. नव्याने आलेल्या पाळकाच्या तोंडून सवयीने शेवटचा शब्द निघायला लागतो, तेव्हा म्हाताऱ्या बाया हात वर करून त्याला थांबवतात.

"आमेन म्हनू नका, पाळकसायेब," त्या म्हणतात, "त्या माउलीचं अजून परत मिळालं न्हाई."