धुरपीची झोळी

कोणे एके काळी रानात धुरपी नावाची एक उंदरीण राहायची. भर श्रावणात तिच्या बिळात पाणी शिरलं. तिने दोन झाडांमध्ये वेलींनी झोळी टांगली, वर सागाच्या पानांचं छप्पर घातलं आणि पिल्लांना आत निजवलं. तरी सकाळी पिल्लं ओलीचिंब होऊन कुडकुडत होती.

"छप्पर गळतंय, आणखी पानं घाल," शेजारचा सरडा म्हणाला. धुरपीने पानं वाढवली, तरी झोळी भिजलीच.

"सोड नाद, वहिनी. झोळीत राहणं उंदरांचं काम नव्हे."

"शोधून काढल्याशिवाय मी हलणार नाही, भावोजी."

तिने छप्पर आतून चाचपलं, तर ते कोरडं! मग ती भर पावसात वेलीला घट्ट धरून बघत बसली. खोडावरून ओघळलेला एक थेंब वेलीवर आला आणि वेलीवरूनच, छपराखालून, थेट झोळीत उतरला.

धुरपीने झोळीच्या अलीकडे दोन्ही वेलींना गवताची एकेक काडी बांधून लोंबती सोडली. पुढचा थेंब काडीपाशी थबकला, काडीवरून खाली घसरला आणि चिखलात पडला. झोळी कोरडीच राहिली.

"पण छप्पर तर तेवढंच आहे!" सरडा चकित झाला.

"छपराचा दोषच नव्हता, भावोजी," म्हणत धुरपीने पिल्लांना कुशीत ओढलं.