साळुंकी बोलेनाशी झाली

एका राज्यात फाल्गुन सरला, चैत्र उजाडला, तरी थंडी हटेना. त्याचे कारण असे घडले.

राजा सोमकेतूच्या दरबारी तुषारनाथ नावाचा मांत्रिक आला. त्याने विचारले, "महाराज, आपल्या बागेत वसंताची चाहूल आधी कोणाला लागते?"

राजा हसला. "ते माळ्याला विचार. मला त्याहून मोठी कामे आहेत."

मांत्रिकाने कमंडलूतले पाणी भूमीवर शिंपडले. "तर मग वसंत तुझ्या दाराशी थांबेल आणि तुझी कन्या गारठून निजेल. बागेतले जीव पाहून वसंताच्या तीन खुणा तू स्वतः ओळख, म्हणजे ती उठेल. एकदा चुकलास तर तिच्या केसांवर हिम धरेल. दुसऱ्यांदा चुकलास तर तिचा श्वास थांबेल."

राजकन्या मृणालवती त्याच घटकेला निजली.

प्रधानाने युक्ती केली. परमुलखातून कोकिळ आणवून आंब्याच्या पानांत पिंजरा लपवला. कुहू ऐकताच राजा म्हणाला, "हा आला वसंत." मृणालवतीचे केस हिमाने पांढरे झाले.

राजाने पानांत लपवलेला पिंजरा शोधून उघडला.  मग तो आंब्याखालच्या पारावर जाऊन बसला.

त्या आंब्याच्या ढोलीत एक साळुंकी राहत असे. तिला माणसांची भाषा येत असे.

"मला खूण दाखवशील?" राजाने विचारले.

"दाखवता येत नाही, राजा. सोबत करता येते."

मग रोज सकाळी राजा पारावर बसे आणि साळुंकी फांदीवर. राजा लेकीच्या बाळपणीच्या गोष्टी सांगे. साळुंकी म्हणे, "मग?"

सोळाव्या दिवशी एक खार विहिरीच्या दोराचा काथ्या ओढताना दिसली. तोंडात गोळा करून ती झाडावर चढे, पुन्हा उतरे. राजाने तिच्या सात खेपा मोजल्या.

"ही घर बांधते आहे," तो हळूच म्हणाला. "ही पहिली खूण."

दासी धावत आली. राजकन्येच्या केसांवरचे हिम वितळले होते.

भिंतीवर एक मातकट सरडा रोज पडून असे. एके सकाळी त्याचा गळा कुंकवासारखा लाल दिसला. मान खालीवर करत तो दुसऱ्या सरड्याला दटावत होता. राजाने दुसरी खूण सांगितली. मृणालवतीच्या हातांत ऊब आली, पण डोळे मिटलेलेच राहिले.

पुढे पुष्कळ दिवस काही दिसेना.

"मला तिसरी खूण दिसेल ना?" राजाने साळुंकीला विचारले. ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती उडे, परते, ढोलीत शिरे.

"माझा काही अपराध झाला का?" राजाने विचारले. उत्तरासाठी त्याने वर पाहिले. साळुंकीच्या चोचीत वाळकी काडी होती. शेजारच्या फांदीवर दुसरी साळुंकी पीस धरून आपली पाळी येण्याची वाट पाहत होती.

 चूक झाली तर लेक जाणार होती. राजा उन्हे वर येईपर्यंत पाहत राहिला. मग म्हणाला, "आता हिला माझ्याशी बोलायला वेळ नाही. ही तिसरी."

धुके विरले. आंब्याला मोहोर फुटला. मृणालवती अनवाणी बागेत आली आणि म्हणाली, "बाबा, भूक लागली."

राजाने तिला जवळ घेतले. प्रधान हात जोडून उभा होता. "महाराज, नगारे वाजवू?"

"वेशीवर वाजवा," राजा म्हणाला. "इथे घरटे आहे."

त्या वर्षीचा वसंतोत्सव वेशीबाहेर झाला, आणि तो साऱ्या प्रजेने पाहिला.